यादीतली चौथी ओळ

त्या बाईंची की-बोर्डवर चालणारी बोटं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. उभी नोकरी दिल्ली पोलिसांत गेली. दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण असा हादरा त्यांच्यापैकी कुणी दिला नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पूर्व दिल्लीतल्या एका कारखान्यात ॲसिडच्या टाकीवर काम करताना एका कामगाराचे दोन्ही हात भाजले. जबाब घ्यायला मी इस्पितळात गेलो, तेव्हा बँडेजकडे बघत तो एवढंच म्हणाला, "साहब, दस्ताने तो पहने थे." अपघाताची नोंद झाली. तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. हातमोजे मुळातच चुकीचे मागवलेत, खरेदीवाल्या मॅडमनी जाणूनबुजून हलका माल घेतलाय, त्यांचा कंप्युटर तपासा.

तपासला. ऑर्डरमध्ये खरोखरच साफसफाईचे पातळ मोजे होते. गोदामातल्या माणसाने आलेली खोकी ऑर्डरशी ताडून पाहिली होती आणि दोन्ही तंतोतंत जुळत होती. पातळ काय, ॲसिडचे काय, दोन्ही काळेच आणि एकाच कंपनीचे. फरक खोक्यावरच्या बारीक नंबराचा. ऑर्डर भरणाऱ्या बाई मूळच्या पुण्याच्या, मयूर विहारला राहणाऱ्या. मी फोन केला आणि तासाभरात त्या मेट्रोने एकट्याच ठाण्यात आल्या.

चौकशीला महिला हवालदार शेजारी बसली. बाईंचं एकच म्हणणं, मी ॲसिडचेच मोजे मागवले. मी छापील ऑर्डर पुढे टाकली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण म्हणणं तेच. खोटं बोलणारा माणूस पुरावा पाहिला की आपली हकीकत बदलतो, हा माझा अनुभव. या बाई बदलत नव्हत्या आणि त्याचाच मला राग येत होता. अटकेचा कागद मी आधीच तयार करायला सांगितला होता.

शेवटी वैतागून, तपासाला आणलेला त्यांचाच लॅपटॉप समोर ठेवला. म्हटलं, "कशी मागवता ते दाखवा. ऑर्डर पाठवू नका, फक्त भरा."

त्यांनी भरली. माझ्याकडे बघत, माझ्याशी बोलत. बाण तीनदा खाली, एंटर, नग किती ते, पुन्हा एंटर. रोजच्या भाजीवर सुरी चालावी तशी बोटं चालली.

"झालं सर. ॲसिडचेच."

पडद्यावर पातळ मोजे होते. महिला हवालदाराने ती ओळ मोठ्याने वाचली. बाईंनी वळून पाहिलं.

"मी वाचत नाही सर," त्या हळूच म्हणाल्या. "मोजते. चौथी ओळ. पाच वर्षं चौथीच होती."

नोंदी पाहिल्या, तर गेल्याच महिन्यात कुणीतरी यादीत हे पातळ मोजे नव्याने चढवले होते. त्यांनी चौथी जागा घेतली आणि ॲसिडचे पाचवीवर सरकले. बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

हे उलगडलं आणि त्या ताडकन उठल्या. "सर, अपघातानंतर मी अर्जंट नवीन मोजे मागवले. असेच. आज सकाळी आलेत."

अडीच वाजले होते. तीनला टाकीवर दुसरी पाळी लागणार होती. मी कारखान्यात फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, "साहब, लोग तो पहन भी चुके हैं." मी काय ओरडलो ते आठवत नाही. सहा जणांनी मोजे काढले, काम थांबलं.

गुन्हा निष्काळजीपणाचा नोंदवला. त्यात बाईंचं नाव राहिलं, न सांगता यादी बदलणाऱ्याचंही घातलं. बाईंनी स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. त्या कामगाराची बोटं वाचतील का, एवढंच विचारत होत्या. पुढे दोन गेली.

एवढी शिकलेली बाई न वाचता बटण दाबतेच कशी, असं मनात म्हणत होतो, तोच हवालदाराने अटकेचा कागद पुढे ठेवला. खाली माझी सही होती. दुपारच्या कागदांच्या ढिगाऱ्यात मीच केलेली. अटकेच्या कारणाच्या रकान्यात आमच्या कंप्युटरच्या यादीतली पहिली ओळ उचललेली होती: आरोपी फरार होण्याची शक्यता.

एका फोनवर मेट्रोने आलेली बाई माझ्यासमोर बसली होती. मी कागदावर रेघ मारून तो रद्द केला.

आता विजेच्या तक्रारीचा अर्ज असला तरी ओळीवर बोट ठेवून वाचतो, मग सही करतो. घरात सगळे हसतात. मला हसू येत नाही.