अंकलचा गुडघा

अंधेरीतल्या आमच्या गावठणात अंकलइतका प्रेमळ माणूस दुसरा नव्हता, आणि तो आपल्या खाटेजवळ येऊन बसू नये म्हणून लोकांनी जितके नवस केले तितके कशासाठीच केले नसतील. ख्रिस्ती लोकांनी मदर मेरीला केले, आमच्यासारख्या मालवणकडच्यांनी रवळनाथाला. अंकलना ते ठाऊक होतं. ते म्हणत, "माझ्यामुळे दोन्हीकडे मेणबत्त्या आणि नारळ खपतात, तेवढंच पुण्य."

अंकल म्हणजे चर्चच्या मागच्या गल्लीत एकटे राहणारे विधुर, सत्तरी ओलांडलेले. वजनमापं तपासण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कोळणीच्या काट्याखाली चिकटवलेलं चुंबक त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसे. बेकरीत पावाची लादी हातावर तोलून ते "आज भट्टी घाईत होती" असं म्हणत, आणि बेकरीवाला मान खाली घाली. घरातल्या संतांच्या तसबिरींनाही त्यांनी शिस्त लावली होती. मागितलेलं काम ज्याने केलं नाही तो संत आठ दिवस भिंतीकडे तोंड करून राही. एकदा मी गेले तेव्हा पाचापैकी चार जण पाठमोरे होते. "महिना वाईट गेला," अंकल म्हणाले.

दर दुपारी चारला घडीचं स्टूल काखेत मारून ते आमच्या हॉस्पिटलात येत. गावठणाला लागून नन्सनी चालवलेलं ते छोटं हॉस्पिटल, आणि मी तिथे वॉर्डची नोंदवही सांभाळते. चर्चच्या वतीने आजाऱ्यांना भेटण्याचं काम अंकलनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांचा उजवा गुडघा वर्षानुवर्षं ठणकत असे. फक्त काही खाटांपाशी आला की तो एकदम शांत होई. ज्याचं दुखतं तो माणूस जिथे दुखत नाही तिथेच बसणार. अंकल स्टूल उघडत, खिशातली खारी काढत आणि गप्पांना सुरुवात करत. आणि त्या खाटेवरचा माणूस दोन दिवसांत जाई.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते आठवत नाही. हर्नियाचं ऑपरेशन होऊन उद्या घरी जाणारा एक धडधाकट माणूस होता. अंकल त्याच्यापाशी तासभर बसले, निघताना दोन पायऱ्या तर तरुणासारखे उतरले. रात्रीतच तो वारला, सकाळी खाट रिकामी होती. तेव्हापासून अंकल दारात दिसले की सगळा वॉर्ड एका सुरात विचारी, "अंकल, गुडघा कसा आहे?" ते "ठणकतोय" म्हणाले की लोक उशीला टेकत. एका आजीबाईंनी तर त्यांना आपल्या खाटेसमोर पाच उठाबशा काढायला लावल्या. पाचवीला अंकल कळवळले तेव्हा आजीबाईंनी समाधानाने मोसंबं सोलून खाल्लं.

मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं होतं की गुडघा पहिल्यांदा थांबला तो त्यांची बायको आजारी असताना, तिच्या उशाशी. "मला वाटलं बरा झालो गो बाय. मी तिला उठून नाचून दाखवलं. ती खूप हसली."

मग कोरोनाची दुसरी लाट आली. गावठणातली घंटा वाजायची थांबली, कारण मयतासाठी वाजवायची म्हटली तर ती दिवसभर थांबली नसती. रस्त्यात कुत्रीसुद्धा दबकून चालत. वॉर्डात सगळे पांढऱ्या सुटात, कोण कोण ते कळेना, म्हणून आम्ही छातीवर मार्करने नावं लिहायचो. हॉस्पिटलच्या मुख्य मदरनी आणि पाद्रीबुवांनी बसून नियम ठरवले, कारण व्हेंटिलेटर चार होते आणि खाटा चाळीस. कोण कुठल्या धर्माचा, कोण मोठा, कोण ओळखीचा हे विचारायचं नाही. ज्याची वाचण्याची आशा जास्त, त्याला आधी. आशा सारखी असेल तर जो आधी आला त्याला. चौथा नियम अंकलनी भांडून लिहायला लावला. ज्याला मशीन मिळणार नाही, त्याला माणूस मिळालाच पाहिजे. आणि तो माणूस व्हायला तेच आले. उंचीला मोठा झालेला सूट कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ते प्रत्येक खाटेपाशी मोजून दहा मिनिटं बसत. बोलू न शकणाऱ्या माणसांमधून ती बुटकी पांढरी आकृती स्टूल घेऊन पुढे पुढे सरकताना दिसली की माझ्या अंगावर काटा येई. आता त्यांना गुडघ्याचं कुणी विचारत नव्हतं.

माझे बाबा त्याच वॉर्डात दाखल झाले. गिरणी बंद पडल्यावर पवईला वॉचमनकी केलेले, कमी बोलणारे. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरला ते माझे बाबा आहेत हे माहीत नव्हतं. अंकलना होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मशीन मोकळं झालं. कसं मोकळं झालं ते सांगायला नको. गरज दोघांना होती. बाबांना, आणि शेजारच्या खाटेवरच्या एका रिक्षावाल्याला. डॉक्टरने दोघांचे आकडे तीनदा पाहिले. सारखेच होते. त्याने पंधरा तास काही खाल्लं नव्हतं. तो अंकलपाशी आला.

"अंकल, नर्सेस सांगतात ते मी ऐकलंय. दोन्ही खाटांपाशी एकदा उभे राहा ना. बस, एवढंच."

अंकल स्टूलवरून उठले नाहीत. "डॉक्टर, मी तीस वर्षं काटे तपासले. हा गुडघा सील केलेला काटा नाही. तुम्ही फुफ्फुस बघा, नाडी बघा, आधी कोण आलं ते बघा. तुमच्या हातात तेवढंच दिलंय. माणसं माझ्या गुडघ्यावर तोलायची नाहीत."

डॉक्टर मशीन तयार करायला वळला. मी अंकलच्या समोर खाली बसले. "मला एकटीला सांगा. कुणाला कळणार नाही."

"तुला सांगितलं तर मी बसणारा राहत नाही, निवडणारा होतो. मग उद्या माझा हात धरून मरायला कोण तयार होईल?" सुटातून त्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

तेवढ्यात डॉक्टरने मला विचारलं, "आधी कोण आलं?"

वही माझ्या मांडीवर होती. आदल्या सकाळची पानं, रिक्षावाला नऊ चाळीस, बाबा दहा वाजून पाच, माझ्याच अक्षरात. डॉक्टर वहीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी काहीही बोलले असते तरी चाललं असतं. मी अंकलकडे पाहिलं, तर ते पाठ फिरवून बाबांची चादर सारखी करत होते.

"नऊ चाळीस. रिक्षावाले," मी म्हणाले.

त्या दिवसापासून अंकलनी दहा मिनिटांचा नियम बाबांपुरता मोडला. ड्यूटी संपवून मी जायची तेव्हा ते तिथे, सकाळी यायची तेव्हाही तिथे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. रिक्षावाला तीन आठवड्यांनी घरी गेला. त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले, आणि मी तिला औषधांचा कागद समजावून सांगितला.

पुढे कित्येक महिन्यांनी मी अंकलना विचारलंच. बाबांपाशी गुडघा दुखत होता का?

अंकल म्हणाले, "लाट सुरू झाल्यापासून मी रोज दुखण्याच्या दोन गोळ्या खाऊन येत होतो. कुठेच दुखत नव्हता. मलाच कळायला नको होतं." त्या गोळ्यांनी त्यांच्या पोटाची वाट लागली होती, ते आम्ही लाटेचं दुखणं समजत होतो.

हल्ली ते कांदिवलीला भाचीकडे असतात. विसरतात फार. मला ओळखतात, पण मागे कधी भेटलो ते त्यांना आठवत नाही. मी गेले की खुर्ची जवळ ओढायला लावतात आणि काहीतरी गुपित सांगावं तसं सांगतात, "बाय, तुझा बाप सगळं ऐकत होता गो. डोळे मिटलेले, पण जागा होता. मला म्हणाला, चेडवान वेळ बरोबर सांगितल्यान. घड्याळ बघूक मीच शिकवलंय तेका."

मालवणी त्यांना येत नाही, चेडू म्हणजे मुलगी हेही ठाऊक नसावं, पण एवढं वाक्य ते बाबांच्या आवाजात म्हणतात. भाचीला वाटतं मला त्रास होत असेल, म्हणून ती मधेच विषय बदलायला बघते. मी तिला खुणेने थांबवते.