क्वेनच्या हातची भवानी

क्वेनच्या हाताला यश आहे, असं गार्डन ग्रोव्हमधल्या थोआ या व्हिएतनामी बाईच्या नेल सलूनमध्ये एकोणीस वर्षं सगळ्या मानत आल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त क्वेन स्वतः मानत होती. दुकान उघडलं त्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाची नखं तिनं केली आणि संध्याकाळपर्यंत एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. तेव्हापासून रोजची भवानी तिच्याच हातची. एकदा अंगात ताप असताना ती साडेनऊला आली, एका बाईच्या बोटांना लाल रंग लावला आणि परत घरी जाऊन पांघरुणात शिरली. जाताना मालकीणबाईंनी स्वतः सुपाचा डबा हातात दिला, हे ती अजून सांगते.

उलट न्यान. कामात सफाई क्वेनहून कणभर जास्तच, पण सहा वर्षांपूर्वी क्वेन लग्नाला गेली असताना न्याननं भवानी केली आणि त्याच दुपारी पाय धुवायच्या टबाचा नळ फुटला. नळ जुना झाला होता, असं प्लंबर सांगून गेला. पण ऐकतंय कोण? पहिलं गिऱ्हाईक दारात दिसलं की न्यान आपणहून मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालायला जाऊ लागली. क्वेनला तिची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर ती कीव करायला तिला आवडायचंही.

अशा सुखाच्या संसारात थोआच्या बहिणीची मुलगी आली. दिएप तिचं नाव, वय पंचवीस, फोनवरची ॲपं कशी दिसावीत, कशी चालावीत हे ठरवायचं तिचं काम. फोन उचलायला हात मोकळा नसतो म्हणून गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात, असं थोआ एकदा बोलून गेली आणि पोरीनं ते मनावर घेतलं. आता गिऱ्हाइकानं घरबसल्या फोनवर फोटो बघायचा, बाई निवडायची, वेळ निवडायची.

दिएपनं कागदावर फोनचे पडदे रेखाटले आणि जेवायच्या खोलीच्या भिंतीवर ओळीनं चिकटवले. कण्यांचा भात खाताना सगळ्याजणी बघायच्या. "हे बटण बोटाला सापडतं का बघा हं, मावशी," असं म्हणत ती प्रत्येकीचं बोट कागदावर टेकवून बघायची. थोआ भाचीच्या भातावर माशाचा मधला तुकडा ठेवायची. हा तुकडा एकोणीस वर्षं कोणाला मिळायचा ते सांगायला नको. थोआशेजारचं स्टूलही गेलं. क्वेन आता फ्रिजजवळ बसून जेवू लागली, आणि कोणी "इकडे ये की" म्हटलं तर "इथं गार वाटतं" म्हणायची.

ॲपसाठी सगळ्यांचे फोटो काढले. क्वेन स्वतःचा बघून म्हणाली, "मी काय कोणाच्या मयताला आलेय?"

"थांबा, पुन्हा काढू," दिएप म्हणाली. तिनं क्वेनला खिडकीशी बसवलं, तिच्या मुलीबद्दल काहीतरी विचारलं, आणि क्वेन बोलत असतानाच फोटो टिपला. इतका सुंदर आला की क्वेनच्या नवऱ्यानं तो आपल्या फोनवर मागवून घेतला. चूक काढायला जागाच ठेवली नव्हती पोरीनं. क्वेनचा आणखीच जळफळाट झाला.

मग नियम लिहून घ्यायची वेळ आली. दारातून आलेलं गिऱ्हाईक पाळीनं द्यायचं, नाव घेऊन मागितलेल्या बाईची पाळी जात नाही, नुसता रंग बदलायचा असेल तर अर्धी पाळी. या पाळ्यांची वही क्वेनच ठेवायची, म्हणून दिएप तिच्यापुढे सगळ्यांत जास्त वेळ बसली. शेवटी तिनं विचारलं, "मावशी, काही राहिलं का?"

भवानीचं राहिलं होतं. इतरजणींना वाटलं, ते क्वेन सांगेल. ते तिचंच होतं ना.

"नाही," क्वेन म्हणाली. "काही नाही राहिलं."

तिचा हिशेब सरळ होता. पहिल्याच सकाळी भवानी भलत्या हातात जाईल, दिवस बिघडेल, थोआ घाबरून वहीकडे परत येईल आणि पोरगी आपले कागद गुंडाळून जाईल.

मदर्स डेच्या आदल्या आठवड्यात ॲप सुरू झालं, आणि पहिलं नाव लागलं न्यानच्या खुर्चीला. थोआ दारातल्या भूमिदेवापुढे नैवेद्याचा कॉफीचा पेला ठेवत होती, तो तसाच हातात राहिला. न्यान तर "मी नको, मी नको" करत मागं निघाली होती. पण गिऱ्हाईक येऊन बसलं, नाव घेऊन मागणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार? क्वेन कानोसा घेत राहिली, कुठं नळ फुटतोय का.

नळ फुटला नाही. गिऱ्हाइकांची रीघ लागली. संध्याकाळी थोआ दमून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "या फोनच्या हाताला क्वेनच्यापेक्षा जास्त यश निघालं गं."

सगळ्याजणी हसल्या. न्यानही हसली, आणि तिच्या हसण्याचा क्वेनला सगळ्यांत जास्त राग आला. दुसऱ्या दिवशीही पहिलं नाव न्यानचं. तिसऱ्या दिवशी न्यान टॉवेलांकडे न जाता दारातच उभी राहिली, केस नीट करून.

चौथ्या दिवशीचं क्वेननं स्वतःच जमवलं. सकाळी सातला, नवरा गाडीत पेट्रोल भरत असताना, तिनं फोन उघडला. बाईचं नाव मनानंच घातलं ब्रेंडा, वेळ साडेनऊ, खुर्ची क्वेनची. ॲपनं फोन नंबर मागितला, तो तिनं स्वतःचाच दिला, कारण खात्रीसाठी त्यावर आकडे येतात ते ॲपमध्ये घालायचे होते. यादीत आपलं नाव पहिलं बघून तिला बरं वाटलं. ब्रेंडाचं काय, तिला नऊला रद्द करू आणि दारातून येणारी पहिली बाई घेऊ.

नऊला ती रद्द करायला गेली तर ॲप म्हणालं, दोन तासांच्या आत रद्द करता येत नाही. आयत्या वेळी दगा देणाऱ्या बायकांसाठी हा बंदोबस्त दिएपनं केला होता, आणि त्याची कल्पना क्वेनचीच होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साडेनऊ वाजले. क्वेनची खुर्ची रिकामी. पावणेदहा झाले. पहिल्या गिऱ्हाइकानं येते म्हणून सांगून न येणं, याहून वाईट भवानी नाही, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. ब्रेंडाच्या आधी कोणाला हात लावायचा नाही, म्हणून थोआनं दारात आलेल्या दोघींना थांबवलं. त्या वैतागून समोरच्या दुकानात गेल्या. दहाला थोआनं अपशकुन घालवायला कागद पेटवला, तो क्वेनच्या खुर्चीभोवती ओवाळला आणि भाचीकडे वळली.

"कोण आहे ही ब्रेंडा? तुझं ॲप काय भुतांना वेळ देतं?"

दिएपनं लॅपटॉप उघडला. नंबर वाचला. तिची नजर वर आली ती सरळ क्वेनवर. आता संपलं. एकोणीस वर्षांचं नाव या पोरीच्या जिभेवर होतं.

"माझीच चूक, मावशी," दिएप थोआला म्हणाली. "चाचणीसाठी मीच घातलं होतं नाव. काढायचं राहिलं."

थोआनं तिला सगळ्यांदेखत असं झापलं की दिएपचे कान लाल झाले. "बंद कर ते. सणाच्या तोंडावर माझ्या दुकानाला अपशकुन. क्वेन, वही काढ. उद्यापासून भवानी तुझी."

झालं. हवं होतं ते सगळं मिळालं, तेही आयतं. क्वेननं ड्रॉवर उघडला, वही हातात घेतली. तेवढ्यात न्याननं दिएपच्या खांद्यावर हात ठेवलेला तिला दिसला. कोणीतरी पोरीपुढे गार कॉफी ठेवली. पोरगी खाली मान घालून बसली होती, आणि क्वेनकडे चुकूनही बघत नव्हती. शहाणी आहे, नाजूक आहे, फोटो छान काढते, आणि आता मनानं मोठीही. मोठेपणातही हीच पुढे जाणार, आणि आपण जन्मभर हिचं देणं लागणार. हे मात्र क्वेनला सोसेना.

"तो नंबर माझा आहे," ती म्हणाली. "ब्रेंडा मीच. आणि भवानीचंही मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं."

थोआ तिच्याकडे बघतच राहिली. हातात उरलेलं जळक्या कागदाचं टोक तिनं पाण्यात टाकलं.

"उद्या भवानी न्यान करेल," थोआ म्हणाली. "परवापासूनचं पोरीचं ते यंत्र ठरवेल. वही घरी घेऊन जा, क्वेन."

बायका आपापल्या कामाला लागल्या. दिएप लॅपटॉप मिटून क्वेनच्या खुर्चीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी सांभाळून घेतलं होतं की. कशाला सांगितलंत?"

"म्हणूनच सांगितलं," क्वेन म्हणाली.