उर्वरित भाग पान एकशे सत्त्याऐंशीवर

साहित्यावर इतके जिवापाड प्रेम करणारा आणि तेच साहित्य इतक्या थंड डोक्याने ब्लेडने कापणारा दुसरा मनुष्य रायगड जिल्ह्यात असल्यास त्याने पुराव्यासह पुढे यावे. माझ्या माहितीत असा एकच आहे आणि तो माझा व्याही आहे. मुलीच्या बापाने व्याह्यांविषयी बोलताना जी पायरी सांभाळायची असते ती मी आजवर कसोशीने सांभाळली. परंतु गेल्या महिन्यात जे घडले त्यात दोष नेमका कोणाचा, हे चार पानी पत्र लिहूनही मला ठरवता आलेले नाही. न्यायालयाच्या कचेरीत सारी हयात काढलेल्या माणसाला ही अवस्था फार जाचक होते.

व्याह्यांची पद्धत अशी. दिवाळीला डझनभर दिवाळी अंक विकत घ्यायचे, ते संक्रांतीपर्यंत पुरवून वाचायचे आणि संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, पोलादी पट्टी व ब्लेड घेऊन जमिनीवर बसायचे. आवडलेल्या कथा पानांसकट कापून घ्यायच्या आणि उरलेला सांगाडा त्याच दुपारी रद्दीवाल्याला द्यायचा, कारण नावडते वाङ्मय एक दिवसही घरात राहिले तर ते आवडत्याला बाधते, असा त्यांचा सिद्धांत आहे. मग पाने शिवून कापडी बांधणी. त्याआधी पानांवरचे राशिभविष्याचे तुकडे, केशतेलाच्या जाहिराती, कोपऱ्यातले विनोद यांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या डिंकाने चिकटवायच्या. "नायिका रडतेय आणि बाजूला केसांतला कोंडा! शोभतं का?" असे ते मलाच विचारतात, जणू ती जाहिरात मी दिली होती. एकदा मी सौम्य शब्दांत म्हणालो, की ही छापील मजकुराची मोडतोड आहे. त्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब, अंक मी विकत घेतलाय. माझ्या आंब्याच्या फोडी मी हव्या तशा करीन." मी वकील नाही, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, हे मी त्यांना दोनदा लेखी कळवले आहे. दोन्ही पत्रे त्यांनी जपून ठेवली आहेत. एकावर पट्टी चिकटवलेली मी पाहिली.

या बांधीव खंडांपैकी सात खंड एकाच लेखिकेचे आहेत. बाई गव्हाणच्या, आता निवृत्त शिक्षिका. मिठागरातल्या माणसांच्या कथा त्यांनी तीसेक वर्षे लिहिल्या आणि दिवाळी अंकांनी त्या छापल्या. पुस्तक एकही नाही. तरीही पनवेलात त्यांचे वाचक आहेत. व्याह्यांनी त्यांचा व्हॉट्सॲपवर गट केला असून त्यात चौदा जण आहेत. मला तर न विचारताच घातले. याच गटावर गेल्या महिन्यात व्याह्यांचा संदेश आला: "बाईंची कथा दोन मोठ्या ग्रंथांत!!! एक मराठीतल्या निवडक कथांचा, दुसरा दिल्लीचा, भाषांतरित!!! विजय आपला!!!" पुढचे दोन दिवस गटावर जो गोंधळ माजला त्याला तोड नाही. एकाने बाईंना पुरस्कार मिळाला समजून रक्कम विचारली. एका भगिनीने चुकून श्रद्धांजली वाहिली, ती काढेपर्यंत आणखी तिघांनी हात जोडले. या अवधीत प्रत्यक्ष बाईंना कळवायचे कोणालाच सुचले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वडाळे तलावाच्या कोपऱ्यावर मला एक अनधिकृत फ्लेक्स दिसला. परवाना क्रमांक नाही, मुदत नाही, पदपथ अडलेला. मी मजकूर न वाचता, नियमाप्रमाणे छायाचित्रासह, महानगरपालिकेकडे तक्रार केली. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही माझ्या सासऱ्यांविरुद्ध तक्रार केलीत?" मी म्हणालो, फ्लेक्सविरुद्ध केली. ती म्हणाली, "फोटो नीट बघा." पाहिला. बाईंचा शाळेच्या गटचित्रातून कापून मोठा केलेला चेहरा, खाली 'प्रतिष्ठित ग्रंथांत मानाचे पान' आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून माझेही नाव. व्याही रागावले नाहीत. उलट गटावर लिहिले, की वकीलसाहेबांच्या पत्रामुळे पालिकेतही बाईंचे नाव पोचले.

सत्कार रविवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात ठरला. आभाराचे चार शब्द माझ्याकडे होते, म्हणून आदल्या आठवड्यात मी ती निवडलेली कथा वाचण्यासाठी व्याह्यांकडून ती असलेला खंड मागून आणला. कथा छोटी आहे. एका बाईचा नवरा मचव्यावर खलाशी म्हणून गेलेला, वर्षे झाली, परतलेला नाही. ती मिठाच्या पाट्या वाहते. एके दुपारी बांधावरून दूरवरून कोणी माणूस येताना दिसतो. ती बघते, बघत राहते आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवते. संपले. निवडक कथांच्या ग्रंथाच्या संपादकांनी प्रस्तावनेत या शेवटाची स्तुती दीड पान केली होती: मराठी कथेला इतके धीट मौन क्वचितच साधले आहे, वगैरे. ते मौन मी पुन्हा तपासू लागलो, तेव्हा शेवटच्या ओळीखालच्या पांढऱ्या पट्टीचा एक कोपरा सुटलेला दिसला. मी पान खिडकीच्या उजेडात धरले. पट्टीखाली छापलेले होते: 'उर्वरित भाग पान १८७ वर'.

मी व्याह्यांना फोन करून एवढेच विचारले, की संपादकांना मजकूर कोणी पुरवला. "मीच!" ते अभिमानाने म्हणाले. "बाईंच्या घरचे अंक वाळवीने खाल्ले. त्या संपादकांना म्हणाल्या, पनवेलच्या गृहस्थांकडे माझं सगळं हाय. मी झेरॉक्स पाठवली. दिल्लीवाल्यांनी त्याच झेरॉक्सवरून भाषांतर केलं." दुसऱ्याच दिवशी मी जुने अंक जपणाऱ्या एका ग्रंथालयातून पान एकशे सत्त्याऐंशीची प्रत मिळवली. जाहिरात आणि राशिभविष्य यांच्या मधे दीड स्तंभ. बांधावरून येणारा माणूस नवरा नसतो, तलाठी असतो. तो जमीन संपादनाची नोटीस बजावतो, तिचा अंगठा घेतो, ती पाटी पुन्हा उचलते आणि चालू लागते. नोटीस बजावण्याचे इतके अचूक वर्णन मी मराठी कथेत दुसरे वाचलेले नाही. माझा संताप अनावर झाला. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम सत्तावन्नप्रमाणे लेखकाच्या कृतीची अशी छाटणी होता कामा नये. दोन्ही प्रकाशकांना मी चार पानी पत्र लिहिले, प्रत जोडली, पाकीट खिशात घातले. मात्र ते पेटीत टाकण्यापूर्वी बाईंची संमती घेणे मला आवश्यक वाटले.

सत्काराला दालन भरले. हारतुरे, नारळ, पेढे झाले आणि एका वाचकाने विचारले, "बाई, हा शेवट तुम्हाला सुचला कसा?" बाईंनी चौफेर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चुकीच्या एसटीत बसलेल्या माणसाचा भाव होता. मग व्याह्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "सुचला नाही. झाला." टाळ्या थांबेनात. व्याही डोळे पुसत होते.

नंतर जिन्याजवळ गाठून मी बाईंना पान दाखवले, पत्रही दाखवले. त्या सहज गव्हाणच्या बोलीत आल्या. "ठावं हाय मला. ह्या ग्रंथात छापून आल्यावर वाचली ना. म्हटलं, अर्दी कुठं गेली माजी गोष्ट?"

"मग आपण आक्षेप का नोंदवला नाहीत?"

"ऐका तरी दादा. गोष्ट पयली आली ना, तवा मला एकच पत्र आलं. तुमच्या व्याह्यांचं. लिवलं होतं, तुमच्या नायिकेचा नवरा परत आला, वाचून आमच्या घरी फार आनंद झाला. मी तीस वर्सं इचार करते, ह्या बाबानं वाचलं तरी काय? माज्या गोष्टीत तर तलाठी येतो." त्या हसू लागल्या. "आता कळलं. पत्र धाडू नका लगेच. आदी तुमच्या व्याह्यांना इचारा. ते म्हणतील तसं."

सोमवारी सकाळी मी व्याह्यांकडे गेलो. चहा झाला. मी खंड उघडला, सुटलेला कोपरा दाखवला आणि शेजारी एकशे सत्त्याऐंशीवे पान पालथे ठेवले. खंड जवळ ओढून त्यांनी पट्टी पाहिली. आधी म्हणाले, "ही मी नाही लावली." मग म्हणाले, "अक्षर दिसलंच नसेल." मग चष्मा काढून भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर माझ्या मुलीच्या सासूबाईंचा फोटो आहे. त्या लग्नाआधीच गेल्या; मी त्यांना फोटोतच पाहिले.

"हिला वाचून दाखवली होती मी. दवाखान्यात," ते म्हणाले. "शेवटी आलो तर खाली ही ओळ. हिच्या आजारपणात त्या वर्षी अंक नुसते चाळूनच कापले होते, आणि सांगाडा तर रद्दीत गेलेला. ही विचारते, तो आला ना हो? मी म्हटलं, पाटी खाली ठेवली म्हणजे आलाच. घरी येऊन पट्टी लावली. बाईंना पत्र पण हिनंच लिहायला लावलं." पुढे म्हणाले, "नंतर विसरलो. खरंच विसरलो हो, वकीलसाहेब. तो आलाच होता माझ्यासाठी."

त्यांनी पालथ्या पानावर बोट ठेवले. "तुम्ही वाचलंत?"

"वाचले."

"मग आता कायदा काय म्हणतो?"

कायदा काय म्हणतो ते माझ्या खिशात चार पानांवर टंकलिखित होते. चाळीस वर्षे मी दडवलेली कागदपत्रे उजेडात आणणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो आहे, आणि लेखकाचा शेवट हा लेखकाचाच असतो या मतावरून मी आजही ढळलेलो नाही. मी म्हणालो, "अभिप्राय राखून ठेवतो." मग डिंकाची बाटली कुठे आहे ते विचारले. त्यांनी ती खिडकीतून काढून दिली. खंड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पट्टीचा तो सुटलेला कोपरा मी डिंक लावून पुन्हा बसवला.