पप्पांचा उपवासकाळ

लहानपणी मला ईस्टर आवडत नसे. ख्रिस्ती घरातल्या मुलीनं असं म्हणू नये, पण खरं तेच आहे. मला आवडायचे ते त्याआधीचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी फादर सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढायचे, आणि त्या दिवसापासून पप्पांची दारू बंद. बंद म्हणजे अगदी बंद. थेंबसुद्धा नाही.

रेवदंड्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की पुढे आमचं गाव. पप्पा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. एरवी ते बंदरावरून कधी घरी येतील, आणि आले तर कुणाच्या आधारानं येतील, याचा नेम नसे. उपवासकाळात मात्र दिवेलागणीला हातपाय धुऊन रोजरीला, घरातल्या जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर. आम्हा बहिणींच्या वेण्यांची चौकशी करायचे, आईनं केलेल्या कालवणाला चांगलं म्हणायचे. दर शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला सगळ्यांत पुढे गुडघे टेकायचे. शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालतात. मासळीवर जगणाऱ्या गावाला हा कसला उपवास, अशी आमची आपसात थट्टा चालायची. पण पप्पांचा उपवास सगळ्या गावाला ठाऊक होता, आणि गाव त्यांना मानायचं.

आई मानत नसे. "चाळीस दिवस देवाला फसवतात," ती भांडी आपटत म्हणायची. "ज्याला चाळीस दिवस सोडता येते त्याला एकेचाळिसाव्या दिवशी काय धाड भरते?" आम्ही घरात जी जुनी, पोर्तुगीज वळणाची बोली बोलतो, तिच्यात हे वाक्य याहून कडू लागतं. मला ते पटायचं. माणूस गुडघ्यावर बसून रडतो आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा बाटली उघडतो, तर त्या रडण्यात खरं किती, असं मलाही वाटायचं. त्यांनी मन लावून प्रार्थना केली की नुसता नेम पाळला, हे आम्हा मायलेकींना कधी कळलं नाही, आणि त्यांना विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

आमच्या घरात एक रीत होती. उपवासकाळात जे सोडलं असेल ते ईस्टरला स्वतःच्या हातानं घ्यायचं नाही, घरातल्या माणसानं हातात द्यायचं. मी एकदा गोड सोडलं होतं, तर आजीनं माझ्या तोंडात केकचा तुकडा घातला होता. चर्चमध्ये कुणी हे शिकवलेलं नव्हतं. फादरांनी ऐकलं असतं तर तेही चकित झाले असते. पण रीत होती, म्हणून पप्पांना ईस्टरच्या जेवणाआधी पहिला ग्लास आई द्यायची. जी बाई वर्षभर दारूच्या नावानं बोटं मोडायची ती! त्यात तिचा हिशेबीपणाही होता. पहिला ग्लास घरात मिळाला तर हा माणूस निदान जेवायला तरी ताटावर बसेल. बाहेर मिळाला तर मंगळवारपर्यंत दिसायचा नाही. म्हणून ती स्वतः अलिबागहून बाटली आणवून ठेवायची आणि पाव भाजता भाजता चडफडायची.

मी कॉलेजात होते त्या वर्षीचा उपवासकाळ वेगळा होता. पप्पा शुक्रवारीच नाही, रोज संध्याकाळी चर्चमध्ये जायला लागले. प्रार्थना नसली तरी शेवटच्या बाकावर बसून राहायचे. एकदा मी त्यांना बोलवायला गेले तर ते फादरांपाशी पापांचा कबुलीजबाब देऊन बाहेर येत होते, डोळे सुजलेले. परत येताना आम्ही किनाऱ्यावरून आलो. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांपाशी ते थांबले आणि म्हणाले, "यंदा बरं वाटतंय गं. असंच राहता आलं तर?"

"राहा की. कोण नको म्हणतंय?" मी म्हटलं. एवढंच. मला वाटलं, आणखी बोललं तर त्यांना उपदेश वाटेल. हे मी घरी आईलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुन्हा भांडी आपटली असती.

त्या ईस्टरला काका आणि त्यांच्या घरचे जेवायला होते. टेबलावर डुकराचं मटण, उकडलेली अंडी, भाजलेला पाव. काका म्हणाले, "वहिनी, आणा की आता. भाऊ केव्हाचा कोरडा बसलाय." आईनं ग्लास भरून आणला आणि पप्पांपुढे धरला. पप्पांचा उजवा हात टेबलावर होता. तो त्यांनी उचलला आणि मांडीवर नेऊन ठेवला. वर आईकडे बघितलं.

"घ्या हो," आई म्हणाली. "आज कसली लाज?"

सगळे हसले. पप्पाही हसले, आणि त्यांनी ग्लास घेतला.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी ते चर्चला आलेच नाहीत. "मला नाही झेपत," म्हणाले. त्यानंतर उपवासकाळ आणि एरवीचे दिवस यांत आमच्या घरी काही फरक उरला नाही. दारूनं पप्पांच्या पोटात पाणी झालं, अलिबागला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. डॉक्टर रागावले, फादर घरी येऊन गेले. शेवटी शेवटी पप्पा भिंतीवरच्या क्रूसाकडे पाठ करून झोपायचे. आईनं सगळं केलं, मनापासून केलं, पण "देवाला फसवलं त्याचं हे फळ" असं बोलायचीही ती थांबली नाही. दफनाच्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

यंदा उपवासकाळात मी तिच्याकडे राहायला गेले होते. एका शुक्रवारी क्रूसाची वाट आटोपून आम्ही दोघी घरी आलो. तिला धाप लागली होती, म्हणून मी तिला पायरीवरच बसवलं. तिनं पदरानं घाम टिपला. मग म्हणाली, "पवित्र आठवड्याआधी कबुलीला जायचंय. एक गोष्ट कित्येक वर्षं सांगायची राहिलीय. पण फादरांना सांगू काय? नवऱ्याला ग्लास भरून दिला, म्हणून? ते तर मी दर वर्षी देत होते."

मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"तू समोर बसली होतीस," ती म्हणाली. "त्या वर्षी त्यांनी हात मागे घेतला होता, की मला आपलं तसं वाटलं? खरं सांग."

माझ्या मनात आलं, नाही म्हणावं. ऐंशीकडे झुकलेल्या बाईला आता हे कशाला? उरलेले दिवस तिनं शांतपणे काढावेत, भांडी आपटत का होईना. पण आत्ताच आम्ही दोघी गुडघे टेकून आलो होतो, आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"घेतला होता," मी म्हटलं. "मांडीवर ठेवला होता." आणि किनाऱ्यावर ते काय म्हणाले होते तेही सांगितलं.

मला वाटलं, ती आता कोसळणार. तिनं पदर तोंडाशी नेला, डोळे मिटले, आणि कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर क्रूसाची खूण केली.

"म्हणजे त्यांचा उपवास खरा होता गं," ती म्हणाली, आणि पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांच्यासाठी मोठ्यानं रडली.