एका सर्दीच्या चार बाटल्या

माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिला सर्दी-ताप आला आणि आमचं लोह्यातलं घर डॉक्टरांनी भरून गेलं.

सकाळी बायको तापाचं सिरप पाजून कामावर गेली. ती जाताच आईनं थोरल्या नातवाची उरलेली सर्दीची बाटली काढून त्यातलं औषध पाजलं. थोड्या वेळानं शेजारच्या काकू आपली बाटली घेऊन आल्या. "आमच्या पोरीला एका डोसात उतार पडला," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं पाजलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे कुणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता. थेट मेडिकलवर गेलो.

"लेकरू केवढं हाय?" दुकानदारानं विचारलं.

मी हातानं उंची दाखवली. त्यानं बाटली दिली. घरी येऊन मी चहाच्या चमच्यानं पाजलं. अर्धं सांडलं, म्हणून अजून एक चमचा.

दुपारी मुलगी झोपली ती उठेचना. "लई आराम पडला बग," आई म्हणाली. मलाही पटलं.

बायको परतली आणि तिनं मुलीला हलवलं. मुलीनं डोळे किलकिले केले नि मान टाकली.

"काय काय पाजलं?" बायको ओरडली. तेव्हा कुठं एकेक बाटली बाहेर आली. त्या पिशवीत भरून, मुलीला छातीशी धरून आम्ही जीपनं नांदेड गाठलं. वाटभर मी तिचा श्वास मोजत होतो.

डॉक्टरबाईंनी चारही बाटल्या वाचल्या. "चारहींत तापाचं तेच एक औषध आहे. वर तीन बाटल्यांत गुंगी आणणारंही. चार वर्षांखाली देऊ नका, असं छापलंय यावर. तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे."

"विषय?"

"मराठी," मी म्हणालो.

रक्त तपासलं, सलाइन लावलं. सकाळी मुलीनं उठून बिस्कीट मागितलं आणि मी वळून भिंतीकडं बघत राहिलो.

घरी पाठवताना बाईंनी सर्दीचं एकही औषध दिलं नाही. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि कोमट पेज, एवढंच. ताप आलाच तर एकच औषध, वजनाप्रमाणे, बाटलीसोबतच्या मापानं.

आठवड्यात सर्दी गेली. कुणाच्या बाटलीनं गेली, यावर आई आणि काकू अजून भांडतायत.