सेनेनचं पथ्य

केनाला लग्न करायचं होतं आणि सेनेनचं पथ्य काही सुटत नव्हतं. सगळी भानगड एवढीच.

सेनेन म्हणजे आमच्या यारिनाकोचा तळ्याच्या काठावरचा जुना, बोळका वैदू, झाडांकडून गाणी शिकलेला. लांबलांबून गोरे पाहुणे येतात, इथल्या उपचाराच्या केंद्रात राहतात, वेलीचा काढा पितात. मग हा त्यांच्यापुढं बसतो आणि माणसाच्या आतला गुंता गाऊन सोडवतो. खोटं कशाला सांगू, गायला लागला की अंगावर काटा येतो. आणि केना तिथली स्वयंपाकीण. विधवा बाई, दंडानं भक्कम, तोंडानं त्याहून भक्कम.

झाडाकडून शिकायला त्याचं पथ्य धरलं की मीठ बंद, साखर बंद, मिरची बंद, आणि बाईमाणूस तर बंदच बंद. उकडलेलं हिरवं केळं खायचं, वर अळणी मासा. झाड मोठं मत्सरी असतं हो, दुसऱ्या कुणाचा वास त्याला खपत नाही. त्यानं स्वप्नात येऊन "जा आता" म्हटलं की जिभेवर मीठ ठेवायचं आणि मोकळं व्हायचं.

नदी उतरली तेव्हा सेनेननं केनाला शब्द दिला होता, "एवढं पथ्य संपू दे, मग येतो तुझ्या घरी राहायला." आमच्यात नवरा बायकोच्या घरी जातो ना. मग वाळू उघडी पडली, वाळूतली कलिंगडं खाऊन झाली, नदी परत चढायला लागली. ह्याचं पथ्य आपलं चालूच.

"काय रे, अजून सोडेना का तुझं झाड?" केना केळ्याचं ताट आपटून विचारायची.

"नाही गं सोडत. फार जीव लावलाय त्यानं."

"मग त्याच्याशीच कर की लग्न. पोरंबाळं झाली तर फळ्या तरी निघतील."

सेनेन खाली मान घालून अळणी केळं चघळत बसायचा.

इकडं केनाची लेक लिमाहून सारखी बोलवत होती, आई ये, आई ये. केनाला काही जायचं नव्हतं. शहरात चूल कुठं मांडणार, आणि भांडणार कुणाशी? पण इथं नुसती वाट बघत तरी किती बसायचं! तिनं मनाशी ठरवलं, लेकीकडं जायची बोट यायच्या आत ह्या म्हाताऱ्याच्या तोंडून हो नाहीतर नाही, एक काहीतरी काढायचंच.

त्यात तिला एक गोष्ट खटकायला लागली. पथ्याला बसलेले गोरे पाहुणे बघावं तर काडीसारखे वाळलेले. आणि त्यांच्यातच बसून तेच केळं खाणारा सेनेन? त्याचं पोट मडक्यासारखं गोल होत चाललेलं! दुसरं म्हणजे, कामकऱ्यांसाठी ती मीठ लावून मासे चुलीवरच्या मचाणावर धुरी द्यायला ठेवायची, त्यातले मासे गायब व्हायला लागले.

केनाची आई सोई, सुकलेल्या बोराएवढी उरलेली म्हातारी, म्हणाली, "मांजर असेल."

"आई, मांजर नुसतं पोटाकडचं मऊ मऊ खातं, आणि काटे केळीच्या पानात गुंडाळून झुडपात टाकतं? दात नसलेलं मांजर आहे हे. आणि दोन पायांवर चालतं."

दुसऱ्या दिवशी तिनं एक लठ्ठ बोकिचिको मासा निवडला. त्याच्या पोटात आमची ती पिवळी मिरची, वाटाण्याएवढीच असते पण सैतानाची बहीण, चांगली मूठभर ठेचून भरली. मासा मचाणावर अगदी कडेला ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "मी चालले पाणी आणायला!"

गेली ती केळीच्या मागं जाऊन उभी राहिली.

सकाळची वेळ. केंद्राच्या गोल घरात पाहुणे जमलेले, रात्री काढा पिऊन काय काय दिसलं ते सांगायला. सेनेन जरा उशिरानंच आला, ओठ पुसत. मांडी घालून बसला. एक आडदांड गोरा माणूस सांगत होता, भावाशी भांडलो, बोलणं टाकलं, आणि भाऊ तसाच मेला. सेनेनची भाची आउरेलिया ते आपल्या बोलीत करून मामाला सांगत होती. एवढ्यात मिरची चढली. सेनेनचे कान लाल झाले. डोळे भरले, नाक वाहायला लागलं, गालांवरून धारा.

गोऱ्यानं ते बघितलं मात्र, मोठ्यानं रडायला लागला. ते बघून शेजारची बाई रडली. मग काय, सगळं गोल घर रडतंय! केना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी, आत काही येईना.

"पाणी दे," सेनेन आपल्या बोलीत म्हणाला. पाहुण्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"देते की. झाडानं कधी सोडलं ते सांग आधी."

"केना, जीभ जळतेय गं!"

"जळू दे. खोटं बोलून बोलून जाड झालीय, जरा पातळ होईल."

"सोडलं, सोडलं! मागच्या अमावास्येलाच सोडलं!"

"मग माझ्यापुढं अळणी कशाला गिळत होतास? मी नको झाले का?"

"तू हवी आहेस गं. तुझी आई नको!" सेनेन हुंदका देऊन म्हणाला. "सासूनं जावयाशी बोलायचं नाही ही आपली रीत, म्हणून ती तुझ्या पहिल्या नवऱ्याला कुत्र्याशी बोलल्यासारखं करून शिव्या द्यायची. अख्खा काठ ऐकायचा. ह्या वयात मी कुत्र्याकडून ऐकू?"

केनाला हसू आवरेना. तिनं तांब्या पुढं केला. त्यानं घटाघटा रिकामा केला.

गोऱ्यानं डोळे पुसत विचारलं, आजोबा काय म्हणाले?

आउरेलिया मोठी चतुर. म्हणाली, "ते म्हणाले, जिवंत माणसाशी अबोला धरू नये."

गोरा उठला आणि सेनेनच्या पाया पडला. सेनेन काय करणार? त्यानं तोंडातल्या तोंडात "हो" म्हटलं, आणि बघितलं केनाकडं.

बोट आली, लेकीसाठी धुरावलेले मासे घेऊन गेली. केना काठावरच राहिली.

सेनेन मच्छरदाणी काखेत मारून केनाच्या घरी आला. काठावरची माणसं बघायला जमलेली, सोई म्हातारी पायरीवर बसलेली. तिनं पाठ फिरवली आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तिग्रे, आपल्याकडं मांजर आलंय वाटतं. त्याला सांग, ह्या घरात मासा पकडून आणायचा असतो, उचलून नाही."

सेनेननं मच्छरदाणी खाली ठेवली. मग तोही कुत्र्यापुढं उकिडवा बसला.

"तिग्रे, तुझ्या मालकिणीला सांग, उद्या मोठा डोंकेया मासा आणतो. पण तिच्या लेकीला मिरची बेतानं घालायला सांगावं."

म्हातारी पाठमोरीच होती, पण तिचे खांदे गदगदा हलताना सगळ्यांनी बघितले.

केनानं आतून मिठाचा डबा आणून त्याच्या हातावर ठेवला. "चाट," म्हणाली, "आता सगळ्यांसमोर."