बाहेरून लावलेलं कुलूप

आम्ही बडनेऱ्याला राहायचो. बाबा रेल्वेत गँगमन होते. आईच्या ऑपरेशनसाठी त्यांनी अकोल्याच्या एका सावकाराकडून पैसे काढले होते. सावकाराचा वसुलीचा माणूस पगाराच्या दिवशी गाडीनं यायचा, स्टेशनवर भाड्याची सायकल घ्यायचा आणि दारोदार तगादा लावत फिरायचा.

त्याला चुकवायची आमच्या क्वार्टरांच्या ओळीत एक रीत होती. तो दिसला की शेजारच्या मावशी आमच्या दाराला बाहेरून कुलूप घालायच्या. आम्ही आत गप्प बसायचं. तो गेला की त्या उघडायच्या. त्यांच्यावर वेळ आली की आई तेच करायची. यात कुणाला वावगं वाटत नसे. मला वाटायचं, पण बोलणार कसं?

इंटरचा एक पेपर नेमका पगाराच्या दिवशी आला. दुपारी अमरावतीला पोहोचायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नापास झालो तर पुन्हा फी भरणं शक्य नव्हतं. मग बाबांबरोबर रुळावरच जायचं, हे ठरलेलं होतं.

एरवी संध्याकाळी येणारा तो माणूस त्या दिवशी सकाळीच, बाबा कामावर गेल्यावर, उगवला. मावशींनी घाईघाईनं कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दळणाला निघून गेल्या. तो मात्र हलला नाही. समोरच्या कडुलिंबाखाली बसून राहिलेला दाराच्या फटीतून दिसत होता.

ऊन चढत चाललं. मी कपडे करून, खिशाला पेन लावून उभा होतो. हाक मारली तर आईबाबा खोटे पडणार, नाही मारली तर पेपर जाणार. शेवटी आईच दाराशी गेली.

“भाऊ, कुलूप तोडा. पोराचा पेपर हाय.”

बाहेर पावलं दाराशी आली. मग आवाज आला, “म्हंजे बाई, तुमी घरातच? अन् मी दर म्हैन्याले या कुलपाले रामराम करून जातो!”

तो विटेनं कोयंडा ठोकू लागला. पलीकडचे म्हातारबुवा ओरडले, “अरे, थो घर फोडून राह्यला!”

“फोडत नाई बुवा, उघडून राह्यलो!”

दार उघडलं तेव्हा आईनं मान खाली घातली होती. त्यानं सायकल वळवली. मला म्हणाला, “बस मांगं.”

अमरावतीच्या रस्त्यावर घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी चाचरत म्हणालो, “काका, तुमचे पैसे...”

“पैसे म्या सोडत नसतो. पन तू नापास झाला, त तुह्या बापाच्या एकट्याच्यानं फिटतीन का? गुमान बस, हालू नको.”

घंटा होता होता मी वर्गात शिरलो. पेपर हातात आला. प्रश्न ओळखीचे होते.

पुढच्या पगाराला बाबा स्वतःच दारात बसले. तो आला तसे म्हणाले, “एवढेच जमतात, भाऊ.”

त्यानं नोटा घेतल्या. “दर म्हैन्याले एवढे देत जा. मालकाले मी सांगतो. पन आता लपू नका राजेहो, मले उनात सायकल हाना लागते.”

आई हसली. तिनं चहा टाकला. तो बशीत ओतून पिता पिता मला पेपराचं विचारू लागला, आणि पगाराच्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदाच सगळे मोठ्यानं बोलत होते.